गावाचा प्रश्न आणि शाळेतील विज्ञान

शाळेत विज्ञान शिकविले जाते व शेतात त्याचा उपयोग होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात ह्या दोहोंमध्ये बरेच अंतर राहते. सातवीतील मुलाला अंकुरणाऱ्या बीजाची आकृती काढता येते. परंतु घरच्या कणगीतील भाताचे बी यंदा उगवेल की नाही, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे कोणी सोपवीत नाही. शेतकऱ्याला मात्र हा प्रश्न मृगापूर्वीच सोडवावा लागतो. बी नासके निघाले तर राबात रोप होत नाही, आणि रोप नसेल तर पाऊस कितीही चांगला पडला तरी लावणी हुकते. असा प्रश्न गावाने शाळेकडे नेला आणि शाळेने त्याचे उत्तर शोधून गावाला परत दिले, तर मुलांचे शिक्षण व शेतकऱ्याचे हित ही दोन्ही कामे एकाच वेळी साधतात.

ठाणे जिल्ह्यातील परंपरा

ही कल्पना ह्या भागाला नवीन नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हे ठिकाण त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून तेथे कुरणशाळा चालविण्यात आली. मुलाच्या भोवतालचा परिसर हेच शिक्षणाचे साधन होय, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात उतरले.

पुढे १९९३ साली केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी लहान गट करून आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, मार्गदर्शकाच्या साहाय्याने त्याची पाहणी करावी, नोंदी ठेवाव्यात व निष्कर्ष मांडावा, अशी ह्या उपक्रमाची पद्धत आहे. महाराष्ट्रात त्याच्या समन्वयाचे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्ट ह्या संस्थेने अनेक वर्षे केले. २०१० व २०११ ह्या वर्षांचा मुख्य विषय भूसंपत्ती, तर २०१४ व २०१५ ह्या वर्षांचा विषय हवामान व वातावरण हा होता. शेतीशी ह्यांचा किती निकटचा संबंध आहे, हे सांगावयास नको. कल्याण येथे आकाशमित्र मंडळाने आकाशनिरीक्षणाची आवड लोकांत रुजविली. शाळेबाहेरची माणसे पुढे आली की विज्ञान पुस्तकाबाहेर येते, हाच ह्या सर्व कार्याचा धडा आहे.

आता गावपातळीवरील कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने ह्यात कसा भाग घ्यावा, हे तीन उदाहरणांनी पाहू.

पहिला पाठ : बियाण्याची परीक्षा

मे महिन्यात शाळा बंद असते. म्हणून ही परीक्षा एप्रिलमध्येच उरकावी. प्रत्येक मुलाने घरच्या भाताच्या बियाण्यातून न निवडता सरसकट १०० दाणे मोजून आणावेत. ते ओल्या गोणपाटावर रांगांनी मांडून वर दुसरे ओले गोणपाट झाकावे व ओल टिकवून ठेवावी. पाचव्या दिवसापासून रोज पाहणी करून, ज्यांना मूळ व कोंब दोन्ही नीट फुटले आहेत असे दाणे मोजावेत. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते. १०० पैकी ६० दाणेच उगवले, तर ३० किलो बियाण्याच्या जागी ४० किलो लागेल. हे त्रैराशिक मुलांनी फळ्यावर सोडवावे. उगवण ह्याहून कमी आढळल्यास बी वेळीच बदलणे इष्ट. त्यासाठी हाती महिना-दीड महिना असतो, हाच ह्या परीक्षेचा खरा लाभ होय.

मिठाच्या पाण्याची प्रक्रियाही वर्गात दाखविता येते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतले म्हणजे पोचट व हलके दाणे वर तरंगतात. ते काढून टाकावेत. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. घनतेचा धडा ह्याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही. वास्तविक पेरणीपूर्वी हीच कृती शेतकऱ्याने घरी करावी.

दुसरा पाठ : पावसाची नोंद

सपाट तळाचे व सरळ उभ्या कडांचे कोणतेही भांडे झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर पक्के बसवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी व भांडे रिकामे करावे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ह्या हिशेबाने १ गुंठ्यावर २५ मिलिमीटर पावसाने सुमारे २,५०० लिटर पाणी पडते.

शेतकरी पाऊस नक्षत्रांवरून सांगतो. सूर्य एका नक्षत्रात साधारणपणे १३ ते १४ दिवस असतो व ७ जूनच्या सुमारास मृगात येतो. मुलांनी दैनिक नोंदींची बेरीज नक्षत्रवार करून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. वडीलधाऱ्यांची आठवण व वहीतील आकडा ह्यांची तुलना पाच-सात वर्षे चालू राहिल्यास गावाजवळ स्वतःची विश्वसनीय नोंद तयार होईल.

ह्याच कामात शहरी शाळांनाही भाग घेता येतो. डोंबिवलीच्या शाळेने गच्चीवर व मुरबाडच्या शाळेने माळावर एकाच दिवशी पाऊस मोजून आकडे एकमेकांना कळवावेत. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १ मिलिमीटर पावसाने १०० लिटर पाणी पडते, हे कळले म्हणजे शहरातील मुलाला नळाच्या पाण्यामागचा पाऊस दिसू लागतो.

तिसरा पाठ : मातीचा नमुना

पीक निघाल्यावर व खत घालण्यापूर्वी नमुना घ्यावा. बांध, झाडाखालची जागा व उकिरड्याजवळची जागा टाळावी. एकसारख्या जमिनीत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने घ्यावी. सर्व माती मिसळून तिचे चार भाग करावेत व समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत. असे अर्धा किलो माती उरेपर्यंत करावे. ती सावलीत वाळवून, गट क्रमांक व पीक लिहिलेल्या चिठ्ठीसह कापडी पिशवीत भरावी.

जमीन आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून १२ बाबींची नोंद असते. पत्रिका आल्यावर मुलांनी ती शेतकऱ्याला वाचून दाखवावी. खाडीकाठच्या गावांत क्षारतेचा आकडा विशेष लक्षपूर्वक पाहावा. कारण खाऱ्या जमिनीत पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल मालिकेतील भातजातींचा विचार करता येतो.

भागीदारीची वाटणी

प्रश्न शेतकऱ्याने द्यावा. मोजणी व नोंद मुलांनी करावी. पद्धत बरोबर आहे की नाही हे शिक्षकाने पाहावे. नमुना प्रयोगशाळेत पोचविणे व तिचे उत्तर गावापर्यंत आणणे हे कार्यकर्त्याचे काम होय. ह्यातील शेवटचा दुवा तुटला तर पुढील वर्षी कोणीही शेतकरी मुलांना बांधावर उभे करणार नाही.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत :

१. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा. गिरिपुष्पाच्या पाल्याचा परिणाम पाहावयाचा असल्यास दोन्ही वाफ्यांत जात, रोपांचे वय, अंतर व पाणी सारखेच ठेवावे. फरक फक्त पाल्याचा असावा.

२. कीटकनाशके व तणनाशके मुलांच्या हाती देऊ नयेत. प्रयोगाच्या नावाखाली त्यांना मजूर म्हणूनही राबवू नये.

३. कोणाचे बी किती उगवले हे नावानिशी चव्हाट्यावर मांडू नये. ज्याचे त्याला घरी सांगावे. गावापुढे एकत्रित आकडा ठेवावा.

४. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आला नाही, किंवा खात्याच्या शिफारशीशी जुळला नाही, तरी तो जसा आला तसाच लिहावा व कारण शोधावे. आकडा बदलून लिहावयास मुले एकदा शिकली, तर विज्ञानाचा सर्व पाठ वाया गेला असे समजावे.

५. शाळेची परीक्षा ही प्राथमिक चाचणी होय. महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी अधिकृत प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी.

ठाणे जिल्ह्यात शहरे झपाट्याने वाढत आहेत. कल्याणच्या आसपासच्या अनेक शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. अशा वेळी शेतकऱ्याचे ज्ञान पुढील पिढीकडे केवळ सवयीने जाईल, ह्या भरवशावर राहता येणार नाही. मोजणे, लिहून ठेवणे व पडताळून पाहणे ही सवय ज्या मुलाला लागली, ते पुढे शेतात राहो वा कारखान्यात जावो, त्याला फसविणे कठीण होईल. येत्या हंगामासाठी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गटातील एक शाळा व पाच शेतकरी निवडून बियाण्याच्या परीक्षेने ह्या कार्यास आरंभ करावा. त्यास खर्च दोन गोणपाटांचा आणि वेळ आठवड्याचा आहे.