व्यसनाचा रोगी आणि मानसिक आरोग्याचा कायदा

'व्यसन' या शब्दाला संस्कृतात दोन अर्थ आहेत : संकट आणि दुर्गुण. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाची व्यसने सांगताना मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्यपान यांची गणना कामातून उपजणाऱ्या दोषांत केली. मराठीने यातला दुसरा अर्थ उचलला आणि पहिला जवळजवळ टाकून दिला. म्हणूनच प्रस्तुत प्रकरणात 'व्यसनी' या शब्दाऐवजी 'व्यसनाचा रोगी' असा किंचित अवघड शब्दप्रयोग योजला आहे. कायद्यानेही हेच वळण घेतले आहे, आणि त्यातून घरच्या माणसांपुढे काही अनपेक्षित प्रश्न उभे राहिले आहेत.

रायपूर शहरातील तात्यापारा या वस्तीतले एखादे मराठी घर आपण डोळ्यांसमोर आणू. 'पारा' म्हणजे छत्तीसगडी बोलीत मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली आणि 1956 पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानीही नागपूरच होती. हे घर काल्पनिक आहे, त्याची अडचण मात्र तशी नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार 10 ते 75 या वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात 14.6 टक्के, तर छत्तीसगडात 35.6 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. आपल्या या घरात मधला भाऊ गेली बारा वर्षे पितो आहे. नोकरी गेली, वहिनींचे दागिने गेले. थोरले दादा आता म्हणतात, ''रात्री गाडी बोलावू, चौघे मिळून उचलू आणि सहा महिने एखाद्या केंद्रात ठेवू. नंतर तोच आपले आभार मानील.'' दादांचा हेतू वाईट नाही. पण त्यांना तसे करता येते काय?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर अंधुक होते. 1912 च्या कायद्याला 'वेडा' तेवढा ठाऊक होता. दारुड्या मनुष्य त्याच्या कक्षेत आलाच तर केवळ भ्रमिष्टावस्थेपुरता. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 मध्ये अमलात आला. मद्य वा अन्य मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी शासनाला स्वतंत्र मनोरुग्णालये काढता येतील, अशी तरतूद त्यात होती. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र मानसिक आजाराच्या व्याख्येतच मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश केला. या एका वाक्यांशाचे परिणाम दूरवर जातात. मनोरुग्णाला मिळालेले सारे हक्क आता व्यसनाच्या रोग्यालाही मिळतात आणि मनोरुग्णाच्या बाबतीत निषिद्ध असलेले सारे त्याच्याही बाबतीत निषिद्ध ठरते.

या कायद्याची बिजागरी म्हणजे 'निर्णयक्षमता'. उपचारांविषयीची माहिती ज्याला समजते, आपल्या होकाराचे वा नकाराचे परिणाम ज्याला उमगतात, किंवा आपला निर्णय जो बोलून अथवा खुणेने सांगू शकतो, त्याला ही क्षमता आहे असे कायदा मानतो. शिवाय एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची क्षमता नाही असे म्हणता येत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. सकाळी अकरा वाजता शुद्धीवर असलेला मधला भाऊ ''मला कोठेही जायचे नाही'' म्हणाला, तर तो निर्णय मूर्खपणाचा असेल, पण त्याचा आहे. त्याला उचलून नेणारी गाडी बेकायदा ठरते.

मग घरच्यांनी हात बांधून बसावे काय? तसे नाही. रोगी स्वतःहून दाखल होऊ शकतो. हा मार्ग प्रशस्त आहे. यात उपचार त्याच्या संमतीनेच होतात आणि तो जातो म्हणाला तर त्याला सोडावे लागते. फार तर तपासणीसाठी 24 तास थांबवता येते. दुसरा मार्ग पाठबळाने दाखल करण्याचा. त्यासाठी रोग्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. रोग्याने कोणास नेमले नसेल तर नातेवाईक ही भूमिका घेऊ शकतात. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला वा धमकी दिली, इतरांशी हिंसेने वागला, किंवा स्वतःची काळजी घेण्यास इतका असमर्थ ठरला की जीवाला धोका आहे, यांपैकी काहीतरी दिसले पाहिजे. शिवाय त्याला स्वतंत्रपणे निर्णय घेता येत नाही, हेही. ही मुदत 30 दिवसांची. पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, रोगी स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, कळवावे लागते आणि रोगी मंडळाकडे दाद मागू शकतो.

तिसरी वाट तातडीची आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर दोन ते चार दिवसांत कंप, भास, झटके, भ्रमिष्टपणा ओढवू शकतो आणि उपचार न झाल्यास मृत्यूही. अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, 72 तासांपर्यंत उपचार करू शकतो. खोलीला कडी लावून ''उतरू द्या त्याची'' म्हणणारी घरे नेमकी हीच वेळ दवडतात.

खरी पंचाईत यापुढची आहे. योग्य औषधांनी हा भ्रम बहुधा आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. निर्णयक्षमता परत येते आणि तिच्याबरोबर निघून जाण्याचा हक्कही परत येतो, मग 30 दिवस भरलेले असोत वा नसोत. दारूची ओढ मात्र जात नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रोगी सुधारणे आणि त्याची समज परतणे ही बहुधा जोडीने चालतात. येथे समज आधी येते, सुधारणा पुष्कळ मागाहून. कायदा लिहिताना पहिल्या प्रकारचा रोगी डोळ्यांसमोर होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. तरीही सहा महिन्यांच्या कुलपाची मुभा नाकारण्यात कायद्याने चूक केली, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. 'आगाऊ निर्देश' नावाची एक तरतूद येथे थोडी कामी येते : शुद्धीच्या काळात रोग्याने लिहून ठेवावे की माझी समज हरपेल तेव्हा मला असे उपचार द्या, अमुक उपचार देऊ नका, आणि माझ्यातर्फे अमक्याने बोलावे. समज परतताच हा निर्देश थांबतो. त्याची ताकद तेवढीच, पण वहिनींना दारोदार हिंडावे लागण्यापेक्षा ती मोठी आहे.

जाता जाता एका घरगुती उपायाविषयी सांगितले पाहिजे. दारू सोडवणारे औषध वरणात वा चहात गुपचूप मिसळण्याची प्रथा सर्वत्र आढळते. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित माणूस दगावतो. हे औषध उपयोगी आहे, पण ते घेणाऱ्याला ठाऊक असेल तरच. वैद्यकाची आणि कायद्याची आज्ञा येथे एकच आहे.

आता केंद्रांकडे वळू. मनोरुग्णालय आणि व्यसनमुक्ती यांचे नाते महाराष्ट्रात कायद्याच्या आधीच जुळले होते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला साहाय्य होते. परंतु सर्वच केंद्रे अशी नसतात. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. 28 जण मृत्युमुखी पडले. 2017 च्या कायद्याने साखळदंड सर्वथा वर्ज्य केले आणि रोग्यांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केली. ''आमचे रुग्णालय नाही, नुसते नशामुक्ती केंद्र आहे'' ही सबब पुरेशी नाही. पत्र, दूरध्वनी व भेटी यांचाही रोग्याला हक्क आहे. महिनाभर घरच्यांशी बोलू न देण्याचा अनेक ठिकाणचा शिरस्ता त्याच्याशी विसंगत आहे.

विम्याबाबत मात्र कायद्याची गाडी अडखळते. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, असे तो सांगतो. पण विमा नियामकाने 2019 साली ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचारांचा समावेश होता. व्याख्येत रोग, देयकात दुर्गुण. कौटिल्य अजून गेलेला नाही.

दादांनी केंद्र पाहायला जावे ते दिवसाउजेडी, आणि शक्य तर धाकट्याला बरोबर घेऊन. नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते विचारावे, रात्री कोण असते तेही विचारावे. पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक दर्शनी जागी लावणे संस्थेवर बंधनकारक आहे. तेव्हा भिंतीकडे एकदा नजर टाकावी.