शंका-समाधान : जोडीचे औषध, पण आधी पहिल्याची मात्रा

शंका : आईला प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस आहे. वय 52, वजन 50 किलो. वर्षभर उर्सोची 300 मिलिग्रॅमची एक गोळी रोज घेते. अल्कलाइन फॉस्फेटेज अजून दुपटीवर आहे, खाजेने रात्र रात्र झोप नाही. आता सोबत फेनोफायब्रेट सुचवले आहे. आधीच दुखावलेल्या यकृताला दोन औषधे झेपतील का? की उर्सो बंद करायची?
– एक वाचक, बोरी अरब, जि. यवतमाळ

समाधान : उर्सो बंद करू नका. या आजारात दुसरे औषध पहिल्याच्या जोडीला देतात, त्याच्या जागी नाही. पण त्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. उर्सोची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे रोज 13 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे आईंना 650 ते 750 मिलिग्रॅम लागते आणि मिळते निम्म्याहून कमी. मात्रा एवढी कमी का, हे डॉक्टरांना आधी विचारा. पुरी मात्रा सहा महिने ते वर्षभर घेऊनही फॉस्फेटेज सामान्य मर्यादेच्या दीडपटीखाली येत नसेल, तर दुसऱ्या औषधाचा विचार होतो. दहातल्या साधारण चार रुग्णांना एकटी उर्सो पुरत नाही.

जोडीमागचे कारण असे. प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवरच उलटते आणि साचलेले पित्त यकृत पोखरते. दारूचा याच्याशी संबंध नाही. कोणी तसे सुचवले तर आईंच्या वतीने ठणकावून सांगा. उर्सो पित्त वाहते ठेवते, तर फायब्रेट पित्ताम्ले तयार होणेच कमी करते. फ्रान्समध्ये उर्सो न पुरलेल्या 100 रुग्णांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीला बेझाफायब्रेट घेणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांच्या यकृताच्या सगळ्या ठरावीक तपासण्या दोन वर्षांनी सामान्य आल्या. नुसत्या उर्सोवर असलेल्यांत एकाच्याही नाहीत. खाजही कमी झाली. फेनोफायब्रेट त्याच गटातले, मात्र त्याच्यामागचा पुरावा इतका भक्कम नाही. अमेरिकेत 2024 मध्ये इलाफायब्रॅनॉर आणि सेलाडेलपार ही दोन नवी औषधे मंजूर झाली, तीही उर्सो पुरत नसेल तर तिच्या जोडीलाच.

फायब्रेट सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि सोनोग्राफी करा. पोटात पाणी किंवा डोळ्यांत कावीळ असेल, तर ते घेऊ नये. थेट नागपूरला पोटविकारतज्ज्ञांकडे जा. स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी कळवा. खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पूड दिली, तर ती आणि उर्सो यांत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर पूड उर्सोला आतड्यातच धरून ठेवते.

शंका : मलाही हाच आजार आहे. गोळ्यांसोबत गुळवेलीचा काढा चालेल का?
– एक वाचक, दारव्हा

समाधान : नको. घरच्यांनी प्रेमाने दिला तरी नको. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतला एक रुग्ण दगावला. ती सूज प्रतिकारशक्ती उलटल्यासारखीच होती, आणि तुमच्या आजाराचे मूळही तेच आहे. काढा आधीच सुरू असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. तो बंद करून एसजीपीटी आणि बिलिरुबिन याच आठवड्यात तपासून घ्या.