खेळाचे रूप कसे ठरते?



दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या शासकीय वसाहतीतून पायी निघाले, तर जवळच दिल्ली हाट लागते. 1994 साली सुरू झालेल्या या बाजारात देशाच्या निरनिराळ्या भागांतील कारागीर आपली कला घेऊन येतात. एखाद्या गाळ्यात मधुबनी चित्रे मांडलेली असतात, तर दुसऱ्यात वारली. दोन्हींकडे झाड काढलेले दिसते. मधुबनीतील झाड पानाफुलांनी गच्च भरलेले असते. भोवतालची मोकळी जागाही चित्रकार रिकामी ठेवत नाही. वारलीतील झाड गेरूच्या तांबड्या भूमीवर पांढऱ्या बारीक रेघांनी उभे राहते. झाड तेच, पाहण्याची आणि दाखवण्याची रीत मात्र निराळी. या रीतीलाच आपण चित्रशैली म्हणतो.

परंपरेत वाढलेल्या वारली चित्रकाराला शैली शोधत हिंडावे लागत नाही. ती त्याला घरातून, लग्नाच्या चौकातून मिळालेली असते. व्हिडिओ गेम तयार करणाऱ्याची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्यापुढे कोरा पडदा असतो आणि जगातील सगळ्या शैली त्याला खुणावत असतात. त्यांतून एकच निवडायची, आणि पुढची काही वर्षे तिच्याशी बांधून घ्यायचे. ही निवड केवळ आवडीनिवडीवर होते, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही.

1981 साली जपानमधील निंतेंदो या कंपनीसाठी शिगेरू मियामोतो यांनी 'डाँकी काँग' हा खेळ रचला. त्यातील नायकाची आकृती मोजक्याच ठिपक्यांत बसवायची होती. एवढ्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून मोठ्या नाकाखाली मिशी आली. धावताना, उडी मारताना हलणारे केस दाखवणे कठीण, म्हणून डोक्यावर टोपी आली. हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी, म्हणून निराळ्या रंगाचा कामगारी पोशाख आला. पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला गेलेला चेहरा असा अडचणींतून घडला आहे.

आज यंत्रे कितीतरी पटींनी शक्तिमान झाली, तरी अडचण संपलेली नाही. तिचे स्थान बदलले आहे. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटवायची, तर एका चित्रासाठी सुमारे सोळा मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. तेवढ्यात संगणकाने प्रकाश, सावली, धूर, पाणी या सर्वांचा हिशेब पूर्ण करायचा असतो. शिवाय दृश्य हुबेहूब हवे असेल, तर भिंतीतील प्रत्येक दगडाला भेग हवी, भेगेत शेवाळ हवे. या गोष्टी आपोआप उगवत नाहीत; कोणीतरी बसून त्या घडवाव्या लागतात. म्हणून शैली निवडणे म्हणजे, एका अर्थी, आपल्याकडे किती हात आहेत आणि किती महिने आहेत याचा हिशेब मांडणेच होय.

या हिशेबातून कधीकधी अनपेक्षित लाभ होतो. 2006 साली आलेल्या 'ओकामी' या जपानी खेळाची सुरुवात वास्तवदर्शी चित्रणाने झाली होती. त्या काळच्या यंत्राला ते पेलेना. तेव्हा निर्मात्यांनी जपानच्या पारंपरिक शाई-कुंचल्याच्या चित्रकलेकडे मोर्चा वळवला. गंमत अशी की, त्यानंतर कुंचला हेच खेळाचे साधन झाले. खेळणारा पडद्यावर कुंचल्याने रेघ ओढतो आणि त्या रेघेने खेळातील जग बदलते.

आणखी एक कसोटी नजरेची. खेळ हा नुसता पाहायचा नसतो. पाहता पाहता क्षणार्धात निर्णय घ्यायचा असतो. समोरचा शत्रू की मित्र, ही कडा की पोकळी, हे लगेच कळले पाहिजे. 2007 च्या 'टीम फोर्ट्रेस 2' मध्ये नऊ पात्रे आहेत. प्रत्येकाची बाह्याकृती एवढी वेगळी आहे की, नुसत्या काळ्या सावलीवरूनही पात्र ओळखता येते. आपल्याकडील छायाबाहुल्यांचे खेळ पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. रावण आणि हनुमान पडद्यामागून आले, तरी प्रेक्षक त्यांना आकृतीवरूनच ओळखतात.

आता पुण्याकडे वळू. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तयार केला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते.

मोठमोठ्या परदेशी कंपन्यांप्रमाणे हुबेहूब दृश्ये उभी करणे या चमूच्या आवाक्याबाहेरचे होते. जपानी किंवा अमेरिकी व्यंगचित्रांच्या वळणाने जाणे त्यांना शक्य होते. तो रस्ता मळलेला होता. त्यांनी तसे केले नाही. हिमालयाच्या पायथ्याशी गुलेर, कांगडा, बसोली या संस्थानांत सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत बहरलेल्या पहाडी चित्रकलेचा आधार त्यांनी घेतला. वास्तूंसाठी राजस्थानातील किल्ले आणि महाल डोळ्यांपुढे ठेवले. पृष्ठभाग हाताने रंगवल्यासारखे ठेवले. कथेचे दुवे सांगणारे प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर रचले. बाहुलीच्या चेहऱ्यावरचे बारीक हावभाव हलवावे लागत नाहीत. सांध्यांची हालचाल पुरते. म्हणजे जे परंपरेला धरून होते, तेच कमी खर्चाचेही होते. उत्तम निवडीचे हे लक्षण आहे, असे मला वाटते.

पण लघुचित्र जसेच्या तसे खेळात उतरत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील पहाडी चित्रे नीट न्याहाळा. त्यांत वस्तूंच्या सावल्या सहसा पडत नाहीत. अंगण वरून पाहिल्यासारखे आणि भिंत समोरून पाहिल्यासारखी, अशी दोन्ही एकाच चित्रात नांदतात. खेळात मात्र राजीला त्या अंगणातून चालायचे असते. तेथे खोली आणि उजेड लागतो. या पेचावरचा एक उपाय म्हणजे दृष्टिकोन. या खेळात कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती दिलेला नाही. तो निर्मात्यांनी ठरवल्याप्रमाणे बहुधा उंचावर आणि दूर असतो. त्यामुळे विस्तीर्ण महालात इवलीशी राजी दिसते आणि पडद्याची चौकट चित्रासारखी बांधलेली राहते.

ही निवड सुखासुखी तडीस गेली नाही. 2017 मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून निधी मागण्यात आला, तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट 2020 मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. पैसा संपत असताना ओळखीची, खपाऊ शैली स्वीकारण्याचा मोह किती मोठा असतो, हे कोणताही व्यवसाय केलेला माणूस सांगेल.

पहाडी रंग आणि राजस्थानी वास्तू यांची सरमिसळ एखाद्या कलेतिहासकाराला खटकेल. खेळ म्हणजे संग्रहालय नव्हे, हे त्यावरचे उत्तर मला मान्य आहे. मात्र ते अर्धेच उत्तर आहे. गुलेरचे थोर चित्रकार नैनसुख अठराव्या शतकात होऊन गेले. वारलीचे, मधुबनीचे चित्रकार आज आपल्यात आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजात चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ अजून जिवंत आहेत. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. उद्या एखाद्या मराठी तरुणाने चित्रकथीच्या रूपात खेळ रचायचे ठरवले, तर त्याने संगणकासमोर बसून ती वळणे नुसती उचलावीत, की पिंगुळीला जाऊन त्या कलावंतांना सहनिर्माते करून घ्यावे आणि मिळकतीतला वाटा द्यावा? वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी तिची वळणे पिशव्यांवर, भिंतींवर, जाहिरातींत वाटेल तशी वापरलेली आपण रोज पाहतो.

स्वाध्याय

1. मारिओच्या मिशीमागचे आणि 'राजी'तील छायाबाहुल्यांमागचे कारण यांत कोणते साम्य व कोणता भेद आढळतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.

2. तुम्हाला ठाऊक असलेल्या एखाद्या खेळातील पात्राची केवळ बाह्याकृती काढा. ती मित्राला दाखवा. त्याला पात्र ओळखता आले नाही, तर आकृतीत काय बदलाल?

3. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदातील प्रश्नाचे उत्तर चित्रकथी कलावंताच्या बाजूने आणि खेळ निर्मात्याच्या बाजूने, असे दोन वेळा लिहून पाहा.