शिबिरातील कॉफी : माप, वेळ आणि पाणी यांचा एक पाठ

शाळेची सहल असो, माजी विद्यार्थ्यांचे गडभ्रमण असो की कुटुंबासह केलेला डोंगरातील मुक्काम असो, पहाटेचे पहिले काम शेगडी पेटवण्याचे असते. चहा आपल्याकडे घरोघरी होतो. त्यामुळे तो डोंगरावरही सहसा बिघडत नाही. कॉफीचे तसे नाही. पुष्कळदा पाणी, पूड आणि साखर एकाच पातेल्यात घालून ती चहाप्रमाणे खळखळ उकळली जाते. मग ती कडू लागते, आणि कडूपणा झाकण्यासाठी साखरेची भर पडते. दोष पुडीला दिला जातो. वास्तविक चहाची रीत कॉफीला लावल्यामुळे तो उद्भवलेला असतो.

कॉफी चांगली होण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पातेले, झाकण, चमचा आणि घड्याळ एवढ्या चार वस्तू पुरतात. मात्र त्यांच्या जोडीला माप पाळण्याची शिस्त आणि चार मिनिटे थांबण्याचा संयम हवा. डोंगरावर पाणी आणि इंधन दोन्ही मोजकेच असल्याने ही शिस्त केवळ चवीपुरती राहत नाही. तिचा संबंध सोबतच्या सर्वांशी आणि आपल्यामागून त्या ठिकाणी येणाऱ्यांशीही असतो.

पातेल्यातील कॉफीची परंपरा

उघड्यावर, साध्या भांड्यात कॉफी करणे ही काही तडजोड नव्हे. तीच कॉफीची जुनी रीत आहे. इथिओपियात आजही ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईसारख्या भांड्यात विस्तवावर कॉफी केली जाते. अमेरिकेतील गुराख्यांनी माळरानावरील मुक्कामात पत्र्याच्या किटलीत ती केली. आपल्या देशातही कॉफीचा डोंगराशी निकटचा संबंध आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. ज्या सह्याद्रीवर आपण मुक्कामाला जातो, त्याच पर्वतरांगेच्या दक्षिण भागात, कर्नाटकात, भारतातील बहुतांश कॉफी पिकते. महाराष्ट्रात विदर्भातील चिखलदरा येथेही कॉफीची लागवड आढळते.

पुडीतून काय उतरते

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु तो सगळा उतरवणे इष्ट नसते. गरम पाणी पुडीवर पडताच प्रथम आंबट व सुगंधी घटक उतरतात, त्यानंतर गोडसरपणा देणारे घटक येतात, आणि कडू व तुरट घटक सर्वांत शेवटी येतात. साधारणतः अठरा ते बावीस टक्के भाग उतरला म्हणजे पेय संतुलित लागते. त्याहून कमी उतरल्यास कॉफी आंबट व पाणचट होते; अधिक उतरल्यास कडू व घसा धरणारी होते.

हे प्रमाण चार गोष्टींवर ठरते: पुडीचे माप, दळण्याचा जाडपणा, पाण्याचे तापमान आणि संपर्काचा वेळ. पातेल्यातील कॉफीसाठी पूड जाडसर, बारीक रव्याऐवजी लापशीच्या रव्यासारखी असावी. जाड कण तळाशी बसतात आणि त्यांतून कडवट अंश सावकाश उतरतो. दळलेल्या पुडीचा सुगंध हवेच्या संपर्काने लवकर उडतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी दळून घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात न्यावी. हाताने फिरवण्याची लहान चक्की असल्यास बियाच न्याव्यात आणि ऐन वेळी दळाव्यात.

उंची आणि उकळबिंदू

कॉफीसाठी सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी योग्य मानले जाते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १४०० मीटर आहे. तेथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ते साडेचौऱ्याण्णव अंशांच्या जवळपास उकळते.

याचा अर्थ सोपा आहे. मुंबईत किंवा कोकणकिनारी उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पूड घालावी. सह्याद्रीच्या उंच गडावर उकळते पाणी आपोआपच योग्य तापमानाचे असते, तेथे थांबण्याचे कारण नाही. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी मात्र पाणी ८८ अंशांच्या सुमारास उकळते. तेथे पूड थोडी बारीक घ्यावी किंवा मुरण्याचा वेळ एक-दोन मिनिटांनी वाढवावा.

आधी पाणी, मग कॉफी

गडावरील पाणी बहुधा कातळात खोदलेल्या टाक्यातून घ्यावे लागते. पिण्याचे टाके कोणते, हे पायथ्याच्या गावातील माणसांना विचारून घ्यावे. पाणी प्रथम स्वच्छ सुती कापडातून गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे. उकळण्याने रोगजंतू मरतात. रसायने किंवा क्षार त्याने जात नाहीत. म्हणून वास येणारे वा रंग बदललेले पाणी उकळूनही वापरू नये. कॉफीचा गडद रंग आणि वास पाण्यातील दोष लपवतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

कृती : सहा जणांसाठी

साहित्य : पाणी एक लिटर, जाडसर कॉफी ६० ग्रॅम. वजनकाटा नसल्यास पोह्याच्या चमच्याने मोजावे. सपाट भरलेल्या एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम पूड मावते, म्हणजे बारा चमचे. आपला चमचा घरी एकदा तोलून पाहणे उत्तम. दूध घालून घ्यायची असल्यास पूड ८० ग्रॅमपर्यंत वाढवावी.

१. झाकण ठेवून पाणी उकळावे. झाकणाने इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात.

२. पातेले शेगडीवरून उतरवून सपाट दगडावर ठेवावे. पूड घातल्यानंतर ते पुन्हा विस्तवावर चढवू नये. साऱ्या कृतीचे मर्म या एका पायरीत आहे.

३. पूड घालून सर्व कण भिजतील एवढेच, दोन-तीनदा ढवळावे. ताज्या कॉफीतून वायू बाहेर पडतो आणि वर फेसाळ थर जमतो. तो काढून टाकू नये.

४. झाकण ठेवून चार मिनिटे घड्याळ लावून थांबावे. वारा असल्यास पातेल्याभोवती जाड टॉवेल गुंडाळावा. ॲल्युमिनियमचे भांडे गार वाऱ्यात फार लवकर निवते.

५. वरचा थर चमच्याने हलकेच मोडावा आणि दोन-तीन चमचे गार पाणी शिंपडावे. यासाठी उकळून गार केलेले पाणीच घ्यावे. तरंगणारे कण तळाशी जातात. आणखी एक मिनिट थांबावे.

६. पातेले न हलवता, कडेने सावकाश ओतावे. शेवटची दोन बोटे कॉफी गाळासह पातेल्यातच राहू द्यावी.

पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते; म्हणून एक लिटर पाण्यातून सहा मध्यम पेले मिळतात. तयार कॉफी पुडीवर ठेवून पुन्हा तापवल्यास कडू होणारच. उशिरा येणाऱ्यांचा वाटा थर्मासमध्ये काढून ठेवावा.

दूध, चिकोरी आणि झटपट कॉफी

दूध पातेल्यात न घालता वेगळे तापवून पेल्यात घालावे. ताजे दूध उन्हात नासण्याची भीती असल्याने एका दिवसाहून अधिक मुक्कामात दुधाची भुकटी सोयीची.

बाजारातील ‘फिल्टर कॉफी’च्या पुडीत पुष्कळदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी ही भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसते, पण ती रंग आणि दाटपणा देते. ही पूड बारीक असल्याने पातेल्यात ती नीट बसत नाही. ती वापरायची असल्यास पितळी वा स्टीलचा दोन खणी दाक्षिणात्य फिल्टर न्यावा. वरच्या खणात पूड घालून गरम पाणी ओतल्यास पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन उतरते. तीन-चार जणांसाठी ही पद्धत उत्तम आहे. तीस जणांसाठी पातेलेच बरे. मुसळधार पावसात, जेथे पाच मिनिटे निवारा मिळणे कठीण, तेथे झटपट विरघळणाऱ्या कॉफीला कमी लेखू नये.

विस्तव

एक लिटर पाणी उकळण्यास लहान गॅस शेगडीवर, निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तरी, सुमारे चौदा ग्रॅम गॅस लागतो. तीस जणांची कॉफी पाच लिटर पाण्यात होते. म्हणजे सत्तर ग्रॅम गॅस. एवढ्यासाठी झाड तोडण्याचे कारण उरत नाही. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत सह्याद्रीतील गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा परिसर अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग पेटवण्यास वा ती पेटती सोडून जाण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मनाई करतो. शेगडी उघड्या कातळावर, गवतापासून दूर मांडावी. थंडी कितीही असो, बंद तंबूत ती पेटवू नये. अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच तो प्राण घेतो.

कोणी, केव्हा, किती

वरील मापाच्या एका पेल्यात सुमारे शंभर मिलिग्रॅम कॅफिन असते, रोबस्टा जातीच्या बिया असल्यास बरेच अधिक. निरोगी प्रौढाला दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सामान्यतः चालते. गरोदर स्त्रिया व हृदयविकार असणारे यांनी वैद्यकीय सल्ल्याने मर्यादा ठरवावी. लहान मुलांना कॉफी देऊ नये. त्यांच्यासाठी त्याच शेगडीवर गवती चहा आणि आल्याचा काढा गूळ घालून करावा, आणि तोही मोठ्यांच्या आधी त्यांच्या हाती द्यावा. शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडण्यास साधारण पाच तास लागतात; पहाटे चढाई असेल तर आदल्या दुपारनंतर कॉफी टाळावी. चढाईत तहान लागल्यावर मात्र पाणीच प्यावे.

चोथा

तीस पेल्यांमागे तीनशे ग्रॅम पुडीचा ओला चोथा उरतो. तो टाक्यात वा टाक्याच्या काठावर टाकणे, किंवा पातेले टाक्यात बुडवून विसळणे, हा अपराधच समजावा. उन्हाळ्यात त्या टाक्यावर पुढचे प्रवासी, गुराखी आणि त्यांची जनावरे अवलंबून असतात. चोथा कापडात पिळून डब्यात भरावा व घरी आणावा. कुंडीतील खतात तो उत्तम मिसळतो. भांडी टाक्यापासून दूर, मोजक्या पाण्यात धुवावीत.

घरी करून पाहण्याचे तीन प्रयोग

१. एकाच मापाची कॉफी तीन पेल्यांत भिजवा; पहिली दोन, दुसरी चार आणि तिसरी दहा मिनिटांनी गाळा. साखर न घालता चव घ्या आणि कोणत्या पेल्यात आंबट, गोडसर व कडू चव जाणवते ते लिहून ठेवा.

२. चार मिनिटे मुरवलेली कॉफी आणि चार मिनिटे उकळलेली कॉफी शेजारी ठेवून तुलना करा.

३. सहा जणांची संपूर्ण कृती केवळ दीड लिटर पाण्यात, भांडी धुण्यासह, पूर्ण करून दाखवा. शिबिरात शेगडीचे काम कोणाकडे सोपवावे, हे ठरवताना हा तिसरा प्रयोग सर्वांत उपयोगी पडेल.