मनाची दुखापत : खेळाडूंकडून घ्यावयाचा एक धडा



ऊस, खत आणि पाणी यांबरोबरच घरच्या माणसांच्या आरोग्याविषयीही आपण बोलले पाहिजे. आपल्या भागात तालीम नाही असे गाव विरळा. कुणाचा मुलगा कुस्ती धरतो, कुणाची मुलगी शाळेकडून कबड्डी खेळते. पोराच्या खुराकासाठी वेगळी म्हैस बांधणारे बापही आपल्यात पुष्कळ आहेत. पोराचा गुडघा सुजला, तर आपण त्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेतो. पण तेच पोर "झोप लागत नाही, आखाड्यात उतरायची भीती वाटते" म्हणाले, की आपले उत्तर ठरलेले : "नाटकं करू नकोस, शंभर बैठका जास्त मार!" हे उत्तर बरोबर आहे का? जगातल्या अव्वल खेळाडूंचे काय झाले ते पाहू.

भर स्पर्धेत थांबलेली मुलगी

अमेरिकेच्या सिमोन बाइल्स हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची ४ सुवर्णपदके जिंकली होती. कोविडमुळे वर्षभर लांबलेले टोकियो ऑलिंपिक २०२१ साली भरले, तेव्हा सगळ्यांची नजर तिच्यावर होती. २७ जुलैला सांघिक अंतिम फेरी होती. व्हॉल्ट या प्रकारात धावत येऊन साधनावर हात टेकतात, उंच उसळी घेतात आणि हवेत कोलांटी घेत अंगाभोवती गिरक्या मारतात. तिला अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. दीडच झाल्या आणि ती कशीबशी पायांवर उतरली. आपण हवेत कुठे आहोत, जमीन कोणत्या बाजूला आहे, हेच तिला कळेनासे झाले होते. जिम्नॅस्ट मंडळींना हा प्रकार ठाऊक आहे. त्यात डोके आणि शरीर यांचा मेळ तुटतो. अशा वेळी जिद्दीने उडी मारली आणि मानेवर पडले, तर जन्माचे अपंगत्व यायचे.

बाइल्सने तिथेच माघार घेतली. उरलेली स्पर्धा तिच्या सहकारी मुलींनी पूर्ण केली आणि संघाला रौप्यपदक मिळाले. तिच्यावर टीका खूप झाली. "पळपुटी" म्हणणारेही निघाले. तिने मात्र आपले मन ठीक नाही हे उघड सांगितले. पुढच्या चार वैयक्तिक अंतिम फेऱ्याही तिने सोडल्या. ३ ऑगस्टला ती बॅलन्स बीमवर उतरली, तीही शेवटच्या उडीतल्या गिरक्या वगळून, आणि कांस्यपदक घेऊन आली.

यानंतर तिने दोन वर्षे स्पर्धा खेळली नाही. मानसोपचार मात्र चालू ठेवले. २०२३ साली ती परतली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सांघिक फेरीच्या दिवशी सकाळी आधी ती आपल्या समुपदेशकाशी बोलली आणि मग मैदानात गेली. त्या ऑलिंपिकमध्ये तिने ३ सुवर्ण आणि १ रौप्य मिळवले. थांबली म्हणून ती संपली नाही. थांबली म्हणूनच पुन्हा उभी राहिली, असे आम्हाला वाटते.

जिंकूनही मन खचते

हरल्यावर माणूस खचतो हे आपल्याला समजते. पण जलतरणपटू मायकेल फेल्प्स याने तर ऑलिंपिकची एकूण २८ पदके जिंकली. तोही २०१४ साली दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि कित्येक दिवस खोलीत कोंडून घेऊन बसला. जगावेसेच वाटत नव्हते, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. उपचार केंद्रात दाखल होऊन तो सावरला आणि २०१६ साली ५ सुवर्णपदके घेऊन आला. आपल्या अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला नेमबाजीत सुवर्ण मिळवले. त्यानंतर फार मोठी पोकळी जाणवली, असे त्यानेही सांगितले आहे. वर्षानुवर्षे एकाच ध्येयामागे धावायचे आणि ते हाती आल्यावर उद्या उठून करायचे काय? फड तुटून गेल्यावर रान भकास दिसते, तसेच हे.

ओळखावे कसे?

खोडकीड लागलेला ऊस सुरुवातीला वरून हिरवाच दिसतो. पोंगा वाळला की कळते. मनाचेही तसेच आहे. पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या, तर दुर्लक्ष करू नये :

१. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे.
२. जेवण तुटणे, वजन एकाएकी घटणे.
३. आवडत्या खेळाचाच कंटाळा येणे, सरावाला दांड्या मारणे.
४. चिडचिड करणे, एकटे बसणे, व्यसनाकडे वळणे.

"जगून काय उपयोग" असे बोलणे निघाले, तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये.

करावे काय?

आधी ऐकून घ्यावे. मध्येच उपदेश करू नये. समुपदेशक बोलण्यातून वाट दाखवतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि गरज असल्यास तो औषध देतो. खेळाडूने त्याला आपण स्पर्धेत उतरतो हे जरूर सांगावे, कारण काही औषधांना स्पर्धेत बंदी असते. दवाखाना लांब असला, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत फोनसेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते.

वस्तादांनाही आमची विनंती आहे. पठ्ठ्याने मन मोकळे केले, तर त्याला सगळ्यांसमोर हसू नका. एकदा हसलात, की तो पुन्हा बोलणार नाही.

आणि बापांनो, पोर म्हणाले "बाबा, जमत नाही", तर बैठका वाढवू नका. जवळ बसवा आणि म्हणा, "बरं केलंस सांगितलंस. चल, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."