मत्स्यतळ्यातील मरळ व घरी केलेला मऊ बेडूक

तळ्यात रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडली, वेळच्या वेळी पेंड व कोंडा घातला, आणि तरीही वर्षअखेरीस जाळ्यात अपेक्षेच्या मानाने फारच थोडे मासे आले, अशी तक्रार मातीच्या तळ्यांत मत्स्यपालन करणारे शेतकरी वारंवार करतात. अशा वेळी मत्स्यबीजास दोष देण्यापूर्वी तळ्यात मरळ शिरली आहे किंवा कसे, हे पाहणे इष्ट होय. मरळ ही मांसाहारी असून बोटुकलीवर ताव मारते. तिला हवेतून श्वास घेता येतो. त्यामुळे पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याबरोबर, क्वचित ओल्या गवतावरून सरपटतही, ती एका डबक्यातून दुसऱ्यात जाते.

बीज सोडण्यापूर्वी हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकून असे मासे मारता येतात. परंतु ही मात्रा एक मीटर खोल पाण्यासाठी आहे, आणि तिचे विष उतरण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. बीज सोडल्यानंतर हा उपाय करणे म्हणजे स्वतःच्याच पिकावर विष टाकणे होय. ओढण्याचे जाळे फिरविले तर मरळ चिखलात दडते, नाहीतर जाळ्यावरून उडी घेते. उरतो तो गळ.

गळास जिवंत बेडूक लावण्याची चाल जुनी आहे. ती सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेडूक पिकांवरील किडी खातो, आणि आपल्याकडील मोठा बैलबेडूक वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे. बाजारात मऊ प्लॅस्टिकचे बेडूक मिळतात. तथापि तसाच, किंबहुना दुरुस्त करण्यास अधिक सोपा, बेडूक घरी करता येतो.

प्रथम हे आमिष मऊच का हवे, ते समजून घेतले पाहिजे. मरळ पाणवनस्पतींच्या कडेस राहते. उघडा गळ तेथे टाकला की पहिल्याच फेकीत पाणकणसात अडकतो. म्हणून या बेडकात गळाची दोन टोके वर वळवून पाठीस टेकलेली असतात. ती गवतातून न अडकता सरकतात. माशाने तोंडात धरताच मऊ अंग दबते, टोके उघडी पडतात व जबड्यात रुततात. अंग कठीण असेल तर मासा झडप घालील, पण सुटून जाईल. सारी करामत या दबण्यात आहे. डोळे, ठिपके व रंग यांत नाही.

कारखान्यात अशी आमिषे पीव्हीसी व त्यास मऊ करणारे तेलकट द्रव्य यांचे मिश्रण सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यात ओततात. काही उत्साही तरुण जुन्या चपला व नळ्यांचे तुकडे चुलीवर वितळवून हेच करू पाहतात. तसे कदापि करू नये. पीव्हीसी अधिक तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो व तो फुप्फुसांना इजा करतो. तापलेल्या द्रवात पाण्याचा एक थेंब पडला तरी तो अंगावर उडतो.

पुण्यात सदाशिव पेठेतील आमच्या बिऱ्हाडी आम्ही जी रीत करून पाहिली, तीत विस्तवाचे कामच नाही. खिडक्यांच्या काचा बसविण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची नळी मिळते, ती आणावी. शिरक्यासारखा वास येणारा प्रकार घ्यावा; स्नानगृहासाठीचा, बुरशीनाशक घातलेला प्रकार घेऊ नये. (हा वास जिन्यात पसरला तेव्हा शेजारच्या काकूंनी लोणचे बिघडले काय, अशी चौकशी केली. मासे धरण्याचे साहित्य चालले आहे, हे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.)

गादीच्या फोमचा पाच सेंटिमीटर लांब व अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा कात्रीने बेडकाच्या आकाराचा कापावा. दोन चमचे सिलिकॉनमध्ये अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर व चिमूटभर कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळावी. कॉर्नफ्लोअर म्हणजे स्वयंपाकात वापरतात ते पांढरे स्टार्च; भाकरीचे मक्याचे पीठ नव्हे. सिलिकॉन ओलाव्याने घट्ट होते, आणि या पिठातील ओलाव्यामुळे ते आतपर्यंत लवकर धरते. आम्ही पहिल्या खेपेस दोन्ही समभाग घेतले. बेडूक देखणा झाला, पण इतका कडक की बोटाने दाबूनही गळाचे टोक बाहेर येईना. पीठ बेतानेच घालावे.

हात साबणाच्या पाण्यात बुडवून हे मिश्रण फोमवर दोन मिलिमीटर जाडीचे लिंपावे. ते फोममध्ये मुरू देऊ नये, नाहीतर अंग दबणार नाही. हे काम उघड्या हवेत, पंधरा मिनिटांच्या आत उरकावे व बेडूक एक दिवस तसाच ठेवावा. नंतर पोटाच्या मागील बाजूने नाकापर्यंत दाभणाने आरपार छिद्र पाडावे, त्यातून दुहेरी गळाची दांडी ओवून तिचे नेढे नाकातून बाहेर काढावे. छिद्राच्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. आत पाणी शिरले तर बेडूक बुडेल. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या पाय म्हणून ओवाव्यात. मागील भाग किंचित खाली राहावा म्हणून लहान पितळी नट बांधावा. शिसे विषारी असल्याने वापरू नये. वास जाईपर्यंत बेडूक चार-पाच दिवस पाण्यात भिजत ठेवावा.

वेळूची लांब काठी व जाड तंगूस एवढे पुरे. भल्या पहाटे वनस्पतींच्या कडेने बेडूक दोन उड्या देऊन थांबवावा, पुन्हा चालवावा. झडप पडताच हिसका देण्याचा मोह आवरावा. तंगूस ताणली गेली की मगच काठी उचलावी. पावसाळ्यात तांबूस पिलांचा पुंजका पृष्ठभागाशी दिसला तर राखणीस असलेली मरळ जवळच समजावी. ती जवळून जाणाऱ्या कशावरही धावून येते. स्वतःच्या मत्स्यतळ्यात याचा लाभ घ्यावा. नदीत किंवा धरणात मात्र पिले सांभाळणारी मरळ धरू नये, तेथे ती उपद्रवी नाही.

गावतळे मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम संस्थेची संमती घ्यावी. धरलेली मरळ जिवंतच बाजारात न्यावी. तिला भावही चांगला येतो. ओल्या पोत्यात ती बराच वेळ तग धरते. तुटलेला बेडूक पाण्यात सोडून न देता काठीने ओढून काढावा. सिलिकॉन कुजत नाही, आणि फाटलेल्या जागी नवे सिलिकॉन लावले की तोच बेडूक पुन्हा कामास येतो.