सेल्फी आणि वाढता अहं

ग्रीक पुराणकथेतील नार्सिसस हा देखणा तरुण पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळला. त्याला ते सोडवेना आणि तो तिथेच झिजून गेला. त्याच्या नावावरूनच अतिरेकी आत्मप्रेमाला ‘नार्सिसिझम’ म्हणतात. आज ते पाणी प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे.

१. अभ्यास काय सांगतो ?

ब्रिटनचे स्वान्सी आणि इटलीचे मिलान या विद्यापीठांतील संशोधकांचा एक अभ्यास वर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ३४ वयाच्या ७४ जणांचे ४ मास निरीक्षण करण्यात आले. सामाजिक माध्यमांवर छायाचित्रे आणि सेल्फी टाकण्याचा अतिरेक करणार्‍यांमध्ये आत्मप्रेमाची लक्षणे सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. मुख्यतः लिखाण टाकणार्‍यांमध्ये अशी वाढ आढळली नाही.

२. असे का होते ?

घरात आई टोकते, मित्र थट्टा करतात. त्यामुळे स्वतःविषयीच्या कल्पना ताळ्यावर रहातात. सामाजिक माध्यमांवर समोर टोकणारे कुणी नसते. तिथे आपणच निवडलेले रूप दिसते आणि त्यालाच ‘लाईक’ मिळतात.

३. काय करावे ?

अ. छायाचित्र टाकण्यापूर्वी स्वतःला विचारावे, ‘हे कुणीच पाहिले नाही, तर मला वाईट वाटेल का ?’ उत्तर ‘हो’ असेल, तर एक दिवस थांबावे.

आ. प्रतिदिन एका व्यक्तीचे मनापासून आणि प्रत्यक्ष कौतुक करावे. कौतुक मागण्याची सवय कौतुक देण्याने सुटते.

इ. पालकांनी मुलांवर रागावण्यापूर्वी ‘माझे स्टेटस किती जणांनी पाहिले, हे मी दिवसातून कितीदा पहातो ?’, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे.